वैऱ्यावर प्रीती : पुण्यातले काही दाखले

‘वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ येऊ नये’ असे आपण सहज बोलून जातो. रुग्णालयाच्या बाहेर, स्मशानातून परतताना, कुणाचे घर जळाले की हे वाक्य हमखास ऐकू येते. या वाक्यात आपण वैऱ्याचे दुःख आपल्या कल्पनेत आणतो आणि ते त्याच्या वाट्याला येऊ नये असे म्हणतो. पण तिथेच थांबतो. वैऱ्यावर वेळ आलीच, तर उठून त्याच्या दारात जायचे का? हा प्रश्न ख्रिस्ती धर्माने आपल्या अनुयायांना फार रोखठोकपणे विचारला आहे. आजच्या भाषणात मी त्याची तात्त्विक चर्चा फारशी करणार नाही. पुण्याच्या इतिहासात हा प्रश्न कुणाला प्रत्यक्ष सोडवावा लागला, ते सांगणार आहे.

आधी मूळ उपदेश. येशूचे डोंगरावरील प्रवचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांत आहे. त्यातल्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी वैऱ्यांवर प्रीती करा, छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असा उपदेश येतो. मराठी बायबलच्या जुन्या भाषांतरांत ‘वैरी’ आणि ‘प्रीती’ हेच शब्द आहेत. मला ते ‘शत्रू’ आणि ‘प्रेम’ यांपेक्षा जवळचे वाटतात. शत्रू सीमेवर असतो, वैरी शेजारी असतो.

हा उपदेश ऐकणारे लोक कोण होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. ते रोमन साम्राज्याच्या टाचेखालचे यहुदी शेतकरी, कोळी, कारागीर होते. रोमन शिपाई रस्त्यावरच्या कुणालाही पकडून आपले ओझे त्याच्या डोक्यावर देऊ शकत असे. आपल्याकडे वेठबिगार म्हणत, तीच ही. त्याच प्रवचनात येशू सांगतो, की वेठीला धरून कुणी एक कोस नेले तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. पहिला कोस सक्तीचा. दुसरा मात्र आपल्या मर्जीचा, आणि तो चालू लागलात की शिपाईच बुचकळ्यात पडतो. म्हणजे इथे वैऱ्याबद्दल मनात उमाळे आणायला सांगितलेले नाही. काही कृती करायला सांगितल्या आहेत : त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याला नमस्कार करा, त्याचे ओझे थोडे जास्त वाहा.

असा विचार केवळ ख्रिस्ती धर्मातच आहे, असे म्हणणे अर्थातच बरोबर नाही. पैठणला गोदावरीवर स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसाची गोष्ट आपण शाळेत असताना ऐकलेली असते. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागितले. फरक असेल तर इतकाच, की ख्रिस्ती परंपरेत ही संतांची थोरवी न राहता प्रत्येक साध्या माणसासाठी आज्ञा झाली. आज्ञा झाली म्हणून ती पाळली गेली असे मात्र नाही. युरोपच्या इतिहासावर नुसती नजर टाकली तरी ते कळते. आणि पुण्याच्याही.

१८९० सालचे पुणे डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षी पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि नंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ते झाली. एका पेल्याभर चहाने शहर दोन वर्षे ढवळून निघाले. आज आपल्याला हसू येते, पण ज्यांच्या घरच्या मुलींची लग्ने अडली असतील त्यांना ते आले नसणार.

अशा शहरात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंडिता रमाबाई आपले शारदा सदन मुंबईहून घेऊन आल्या. स्वतः ख्रिस्ती झालेली, एका विधुर-विधवा कोणत्याच चौकटीत न बसणारी बाई, आणि तिच्या घरात उच्चवर्णीय हिंदू विधवा शिकायला.

रमाबाईंचे चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून धावतेच सांगतो. जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले, आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजली. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंडत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या, तिथे पंडितांच्या सभेने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, शूद्र मानल्या गेलेल्या जातीतल्या वकिलाशी १८८० साली लग्न, १८८२ साली वैधव्य, पदरी मनोरमा ही लहान मुलगी. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ साली इंग्लंड, आणि सप्टेंबरात वाँटेज येथे बाप्तिस्मा.

या धर्मांतरामागचा एक प्रसंग आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. लंडनजवळ फुलम येथे वाटचुकल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालवलेले एक घर होते. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवलेले रमाबाईंनी पाहिले आणि त्या चकित झाल्या. असे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा तिथल्या एका जोगिणीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. यहुदी आणि शोमरोनी हे एकमेकांच्या भांड्याला न शिवणारे पिढीजात वैरी. त्यातल्या एका बाईजवळ, तीही गावाने नावे ठेवलेली, येशू पाणी मागतो. त्या गोष्टीचा आपल्यावर किती परिणाम झाला, हे रमाबाईंनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. पाणवठ्यावरची शिवाशिव म्हणजे काय, हे इंग्लंडमधल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त कळत होते!

पण म्हणून त्या इंग्रज जोगिणींच्या मुठीत गेल्या असे नाही. इंग्लंडातही त्यांनी शाकाहार सोडला नाही. आपल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल. आज्ञाधारकपणावरून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना कागदाला चटका बसतो. वैऱ्यावर प्रीती करणारे लोक स्वभावाने मवाळ असतात, असा आपला समज असेल तर रमाबाईंकडे पाहून तो सोडून द्यावा.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत निघाले तेव्हा नियम स्पष्ट होता : इथे धर्मशिक्षण द्यायचे नाही. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे. मुलींनी आपले सोवळेओवळे, उपासतापास, पूजा खुशाल चालू ठेवावी. रमाबाई स्वतः मनोरमेबरोबर आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. वाद पेटला तो या उघड्या दारावरून. काही मुली त्या दारातून आत येऊन बसू लागल्या.

‘केसरी’ने रमाबाईंवर टीकेची झोड उठवली. शिक्षणाच्या नावाखाली धर्मांतर चालले आहे, असा आरोप होता. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्याच घरात मी दार लावून प्रार्थना करणार नाही. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही.

इथे जरा थांबायला हवे. रमाबाईंची बाजू घेणारे लेखक टिळकांना खलनायक करतात, टिळकांची बाजू घेणारे रमाबाईंना मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले ठरवतात. मला दोन्ही पटत नाही. आपली तरुण मुलगी विश्वासाने एका घरात ठेवावी आणि तिने घराण्याचा धर्म सोडून परत यावे, ही भीती खोटी नव्हती. आणि ज्या मुलीला घरात केशवपन करून कोपऱ्यात बसवले, तिला कुणाच्या खोलीत जाऊन बसावेसे वाटते हे ठरवायचा हक्क तिचा स्वतःचा आहे, हेही खोटे नव्हते. ख्रिस्ती माणसाच्या प्रीतीकडे विरोधक संशयाने पाहतात त्याचे कारणही हेच. ही माया आहे की गळ, असे त्यांना वाटते. दिल्या घेतल्याचा हिशेब ठेवणारी प्रीती असेल तर तो संशय रास्तच म्हणायचा.

म्हणून रमाबाईंच्या घरातली एक वेगळी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. ती बाप्तिस्मा घेणाऱ्यांपैकी नव्हती. तिने ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई, म्हणजे सर्वांची बाया कर्वे झाली. वाद ऐन भरात होता ते हे वर्ष. रमाबाई या लग्नाच्या पाठीशी उभ्या राहिल्या, हिंदू पद्धतीच्या, हिंदू संसाराच्या. पुढे १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी स्वतःचा आश्रम काढला. शारदा सदनावरचा विश्वास उडालेल्या घरांना तो आपला वाटला. रमाबाईंचे विद्यार्थी अशा रीतीने त्यांच्या विरोधकांच्या उपयोगी पडले, आणि यात रमाबाईंनी खोडा घातल्याचे कुठे दिसत नाही.

मग आले १८९७. प्लेग पुण्यात पसरला. वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाती प्लेगचा बंदोबस्त दिला गेला. गोरे शिपाई घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. देवघरे, माजघरे, बाळंतिणीची खोली, काही वर्ज्य नव्हते. संशयित रोग्यांना इस्पितळात आणि बाकीच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. बायकांची तपासणी परक्या पुरुषांकडून होई. वैऱ्यावरसुद्धा येऊ नये अशी वेळ ती.

आता त्या वेळी रमाबाईंची स्थिती काय होती ते पाहा. पुण्याच्या वाड्यांनी त्यांना वाळीत टाकलेले. राज्यकर्ते त्यांच्या धर्माचे. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी शेकडो उपाशी मुली वाचवून आणल्या होत्या, आणि इतक्या मुली पुण्यात ठेवायला सरकारने मनाई केली म्हणून त्यांना केडगावच्या आपल्या जमिनीवर न्यावे लागले होते. सरकारची खप्पामर्जी त्यांना परवडणारी नव्हती. पुण्यातल्या घरांत काय चालले आहे याकडे काणाडोळा करायला त्यांना सबबी हव्या तेवढ्या होत्या.

त्यांनी मे महिन्यात मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. प्लेगच्या इस्पितळातला आणि छावणीतला कारभार, तिथे बायकांची होणारी अप्रतिष्ठा, तरुण मुलींच्या सुरक्षिततेची हेळसांड, सगळे त्यांनी उघड मांडले. आपल्या सदनातल्या एका मुलीची झालेली दैनाही सांगितली. पत्र इंग्लंडपर्यंत पोचले, पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप खोडून काढले. रमाबाई आपल्या शब्दाला चिकटून राहिल्या.

कुणी म्हणेल, हे त्यांनी स्वतःच्या मुलीसाठी केले. खरे आहे, सुरुवात तिथूनच झाली. पण पत्रातली तक्रार सदनापुरती नव्हती. ज्या घरांनी आपल्या मुली त्यांच्याकडून ओढून नेल्या होत्या, त्याच घरांतल्या बायका छावणीत होत्या. त्यांच्यासाठी बोलणारी बाई ख्रिस्ती होती आणि ती ख्रिस्ती सरकारविरुद्ध ख्रिस्ती पत्रात बोलत होती. मला ही गोष्ट दुसऱ्या कोसासारखी वाटते.

पुढचा इतिहास माहीतच आहे. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. जुलैत टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि दीड वर्षाची शिक्षा. त्यांची मुदतीआधी सुटका व्हावी म्हणून जो अर्ज गेला त्यावर सही करणाऱ्यांत ऑक्सफर्डचे मॅक्सम्युलर होते. इंग्लंडात असताना रमाबाई ज्यांना भेटल्या होत्या, आणि ज्यांना त्यांच्याविषयी मोठा आदर होता, तेच हे मॅक्सम्युलर. टिळक आणि रमाबाई एकमेकांशी कधी समेटाने बोलले की नाही यापेक्षा, एका साली दोघेही एकाच अन्यायाविरुद्ध लिहीत होते, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक त्या त्यासाठी शिकल्या. पंडितांना कौतुक वाटेल असे संस्कृत त्यांना येत होते, पण भाषांतर मात्र खेड्यातल्या बाईला वाचता यावे अशा साध्या मराठीत केले. छपाई आश्रमातल्याच मुलींनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याआधी काम पुरे झाले होते.

योगायोग असा, की त्याच १९२२ साली अहमदनगरला जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ नावाचा छोटा आश्रम काढला. पुढे तो पुण्यात शिवाजीनगरला आला. इंग्रज आणि हिंदी माणसांनी एका छपराखाली, एका पंगतीत, जमिनीवर बसून, खादी नेसून राहायचे, हे त्याचे सूत्र. साहेबाने बंगल्यातून उपदेश करायचा आणि नेटिव्हाने ओसरीवरून ऐकायचा, या प्रथेला हा उघड विरोध होता.

याच काळात ससून रुग्णालयात घडलेला प्रसंग जाता जाता सांगण्यासारखा आहे. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना आंत्रपुच्छाचा विकार झाला. १२ जानेवारी १९२४च्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचा दिवा गेला आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. मॅडॉकनी आपले कर्तव्य केले, त्याला वैऱ्यावरची प्रीती म्हणणे ओढूनताणून होईल. पण सरकारच्या सर्वांत अवघड कैद्याचा जीव सरकारच्याच माणसाच्या हातात होता आणि त्या हाताने काम चोख केले. रोगी आणि डॉक्टर यांचा पुढे स्नेहही राहिला.

शिवाजीनगरच्या आश्रमात १९२७ साली ऑक्सफर्डचा एक पंचविशीतला पदवीधर दाखल झाला, व्हेरिअर एल्विन. पुढच्याच वर्षी तो साबरमतीला जाऊन आला आणि गांधीजींचा झाला. एक इंग्रज पाद्री उघडपणे काँग्रेसची बाजू घेतो, हे सरकारला खपण्यासारखे नव्हते. पोलिसांची नजर त्याच्यावर होती, चर्चचे वरिष्ठ नाराज होते. आश्रमात त्याला जिवाभावाचा मित्र मिळाला तो शामराव हिवाळे, मराठी ख्रिस्ती तरुण. या दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. एल्विनच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता : आपला देश अन्याय करत असेल, तर अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसायचे. त्याच्या देशबांधवांच्या लेखी तो वैऱ्याला मिळालेला होता.

आपल्या काळातलाही एक दाखला द्यायला हवा. २२ आणि २३ जानेवारी १९९९च्या मधल्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले गाडीत जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या बारीपदाच्या कुष्ठरोग्यांमध्ये पुढे काही वर्षे काम करत राहिल्या. क्षमा वेगळी आणि कायदा वेगळा, हेही त्यांनी स्पष्ट ठेवले. खटला चालला, मुख्य आरोपीला फाशी झाली, ती उच्च न्यायालयाने २००५ साली जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ती कायम केली. वैऱ्यावर प्रीती म्हणजे गुन्हा पोटात घालणे, असा अर्थ ज्यांना वाटतो त्यांनी हा क्रम पाहावा. रमाबाईंनीही प्लेगच्या कारभाराविषयी गप्प बसणे पत्करले नव्हते.

परत एल्विनकडे येतो. १९३२च्या जानेवारीत तो आणि शामराव मुंबईत मणिभवनच्या गच्चीवर गांधीजींजवळच झोपलेले होते. ४ तारखेला पहाटे पोलीस अटकेचा हुकूम घेऊन आले. सोमवार होता, म्हणजे गांधीजींचा मौनवार. बोलता येत नसल्याने त्यांनी कागद घेतला आणि निघता निघता एल्विनसाठी एक चिठ्ठी लिहिली. तिचा आशय असा, की मी माझ्या देशबांधवांवर प्रेम करतो तसेच तुमच्या देशबांधवांवरही करतो, हे त्यांना सांगा. त्यांच्याविरुद्ध मी द्वेषाने कधी काही केलेले नाही. अटक करणारे खाली उभे होते, निरोप त्यांच्याच देशाला होता, आणि तो न्यायला निवडला होता ख्रिस्ताच्या प्रीतीचे नाव लावणाऱ्या पुण्यातल्या आश्रमातून आलेला इंग्रज.

डोंगरावरच्या प्रवचनाने आपल्या मनाची पकड घेतली, असे गांधीजी विद्यार्थिदशेतल्या आठवणींत सांगत असत. आपल्या ख्रिस्ती मित्रांना ते वेगळ्या रीतीने परत करण्याचा त्यांचा हा प्रकार म्हणायला हरकत नाही.

गांधीजींची मोटार तिथून निघाली ती थेट पुण्याच्या वाटेला लागली, येरवड्याला. एल्विन थोड्याच दिवसांत सरहद्द प्रांतात गेला, खुदाई खिदमतगारांवर सरकारने काय जुलूम केले ते पाहायला. त्याच्याच सरकारने त्याला तिथून हुसकून लावले. मग तो आणि शामराव मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गेले आणि गोंडांच्या वस्तीत झोपडी बांधून राहू लागले.